घरचे आरोग्य : पहिला आराखडा आणि दुसरा

घडियाळी पोळ आपणांपैकी बहुतेकांच्या पायांखालची आहे. मांडवीच्या बाजूने आत शिरले की दोन्ही अंगांस भिंतीला भिंत लावून उभी असलेली घरे, अरुंद जिने, वर गच्ची, आणि दोन घरांमधून दिसणारी आकाशाची एक निळी पट्टी. या पोळीत मराठी आणि गुजराती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या शेजाराने राहत आली. एका घरातल्या फोडणीचा वास तिसऱ्या घरात जातो, आणि एका घरातला खोकला पाचव्या घरात ऐकू येतो. याच पोळीतील सहा कुटुंबांसमवेत गेल्या वर्षी आम्ही एक लहानसा आरोग्य-उपक्रम केला. तो पहिल्या खेपेस सपशेल फसला. तो का फसला, त्यात आम्ही कोणते फेरफार केले, आणि अशी दुरुस्ती मोठ्या माणसांनीही कशी केली आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

पहिला आराखडा मी एका रविवारी दुपारी एकटीने बसून लिहिला होता, आणि खरे सांगावयाचे तर मला त्याचा किंचित अभिमानही वाटला होता. पहाटे साडेपाचला उठणे, बारा सूर्यनमस्कार, न्याहारीस मोड आलेली कडधान्ये, तळलेले पदार्थ पूर्णपणे वर्ज्य, रात्रीचे जेवण साडेसातच्या आत व सर्वांनी एकत्र बसून, साडेनऊला निद्रा. प्रत्येक बाबीपुढे एक चौकोन, आणि त्यात रोज खूण करावयाची. सहा आठवड्यांचे सहा कागद, सुबक रेघा मारलेले.

दोन आठवड्यांनी कागद पाहिले, तो सहापैकी पाच घरांत सर्व चौकोन भरलेले! मी आनंदून गेले. मग नीट पाहिले. सोमवार ते शनिवार सर्व खुणा एकाच शाईच्या, एकाच तिरकेपणाच्या, एकाच बैठकीत केलेल्या. सहाव्या घरचा कागद मात्र जवळजवळ कोरा होता, आणि तोच एकटा खरे बोलत होता.

तेव्हा मी त्या घरापासून आरंभ केला. विद्यार्थिनीची आई पोळ्या लाटीत होती. तिने हात न थांबवता मला सांगितले, "बाई, साडेपाचला उठते मीच. साडेसहाला नळ येतो, तो तासाभरात जातो. पाणी भरू, कडधान्ये वाफवू, डबे करू, की सूर्यनमस्कार घालू? तुमच्या कागदात सगळ्यांनी काय करायचे ते लिहिले आहे. पण ते करणार कोण, ते कुठे लिहिले आहे?"

या प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते. 'कुटुंबाचे आरोग्य' या भारदस्त शीर्षकाखाली मी वस्तुतः एका बाईच्या कामात दोन तासांची भर घातली होती. पुढे इतर घरांत गेले, तेव्हा अशाच गोष्टी एकेक करून उघड झाल्या. एका घरचे वडील मांडवीतील दुकान वाढवून रात्री साडेनऊस येतात. साडेसातला एकत्र जेवणे त्यांना अशक्य. एका घरी गच्चीची किल्ली दुसऱ्या भाडेकरूजवळ. एका घरी आजी नातवंडांना चार वाजता चिवडा व शेव देतात. तो पदार्थ वर्ज्य म्हणजे आजींची मायाच वर्ज्य, असा त्यांनी अर्थ घेतला आणि दोन दिवस त्या कोणाशी बोलल्या नाहीत. बडोद्यात राहून शेव-उसळीवरची शेव बंद करा असे सांगणारी मी कोण, हाही प्रश्न रास्तच होता.

येथे माझ्या स्वतःच्या घरची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. माझी मातृभाषा कोंकणी. माझे वडील गोव्यातील फोंडे भागातल्या एका खेड्यात आयुष्यभर राहिले. सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज, दुपारी भात व हुमण, रात्री पुन्हा भात, हा त्यांचा साठ वर्षांचा क्रम. त्यांना मधुमेह असल्याचे निदान झाले तेव्हा त्यांच्या हाती एक छापील पथ्यपत्रक देण्यात आले. त्यात सकाळ-संध्याकाळ गव्हाच्या चपात्या होत्या. आईला चपात्या नीट येत नसत. तिने तीन आठवडे प्रयत्न केला, आणि एके दिवशी परात बाजूला सारून म्हणाली, "हें आमच्यान जावचें ना." पथ्य सुटले ते सुटलेच. पुढे प्रत्येक तपासणीच्या वेळी त्यांच्या कागदावर 'रुग्ण पथ्य पाळीत नाही' एवढेच लिहिले गेले. ताटातला भात निम्मा करा, त्याच्या जोडीला मुगागाठी, भाजी आणि मासळी वाढवा, पेजेची वाटी लहान करा, असे त्यांना कोणी सांगितले असते तर? चार वर्षांनी त्यांच्या उजव्या पायाची दोन बोटे काढावी लागली. केवळ त्या पत्रकामुळे असे झाले असे मी म्हणणार नाही, कारण मधुमेह हा गुंतागुंतीचा व्याधी आहे. परंतु ते पत्रक एकदाही कोणी बदलून पाहिले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आणि तरीही, पंधरा वर्षांनी, तसलेच एक पत्रक मी माझ्या हाताने सहा घरांत नेऊन दिले!

आता पाहू, की योजना फसल्यावर शहाणी माणसे काय करतात.

त्या वेळच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यात जामखेड हा दुष्काळी तालुका आहे. डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दाम्पत्याने १९७० साली तेथे ग्रामीण आरोग्याचे कार्य आरंभिले. गावोगाव शिकलेल्या परिचारिका पाठवाव्यात, त्यांनी गरोदर स्त्रिया व बालके यांची काळजी घ्यावी, असा त्यांचा पहिला आराखडा होता. कागदावर त्यात काहीही उणे नव्हते. पण प्रत्यक्षात परिचारिका बाहेरच्या, तरुण, शिकलेल्या. खेड्यात एकटीने राहणे त्यांना अवघड, आणि गावच्या बायांना त्यांच्याजवळ मन मोकळे करणे त्याहून अवघड. योजना पुढे सरकेना. आरोळे दाम्पत्याने गावाला दोष दिला नाही, परिचारिकांनाही दिला नाही. त्यांनी आराखडाच बदलला. ज्या गावचे काम त्याच गावची, गावानेच निवडलेली एक स्त्री घ्यावयाची. ती निरक्षर असली तरी चालेल, दलित असली तरी चालेल. तिने जामखेडला येऊन शिकावयाचे, परत जाऊन घरोघर सांगावयाचे, आणि आलेल्या अडचणी पुढच्या खेपेस घेऊन यावयाच्या. शिकवणे आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे अशी एकाच बैठकीत होऊ लागली.

दुसराही एक फेरफार त्यांनी केला. लोकांना विचारले, तेव्हा औषधाआधी त्यांना पाणी आणि अन्न हवे होते. तेव्हा आरोग्याच्या कार्यक्रमात विहिरी आल्या, लहान मुलांसाठी गावातच शिजवलेले अन्न आले, शेतकऱ्यांची मंडळे आली. त्या भागात १९७१ साली जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी १७६ बालके वर्षाच्या आत दगावत. १९९६ साली हा आकडा २६ वर आला होता. १९७९ साली या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्काराहून त्यांचा तो रद्द केलेला पहिला आराखडा अधिक मोलाचा वाटतो, पण हे माझे वैयक्तिक मत.

आपल्या बडोद्याला तर ही रीत परकी नाही. महाराज सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी सक्तीचे प्राथमिक शिक्षण एकदम साऱ्या राज्यात लागू केले नाही. १८९३ साली अमरेली तालुक्यात त्याचा प्रयोग केला, त्यातील अडचणी पाहिल्या, आणि १९०६ साली ते राज्यभर नेले. तेरा वर्षे! आपण तेरा दिवसांत कंटाळतो.

दांडिया बाजारातील जुम्मादादा व्यायाम मंदिर आपण जाता-येता पाहतो. तेथील राजरत्न माणिकराव यांनी आखाड्याच्या जुन्या विद्येचे रूप असेच पालटले. पूर्वी वस्ताद एकेका शिष्याला समोर उभा करून शिकवीत. त्यात गोडी होती, पण त्याने शेकडो मुले शिकणे शक्य नव्हते. माणिकरावांनी लाठी, लेझीम इत्यादींना हुकुमांवर चालणाऱ्या सांघिक व्यायामाचे रूप दिले. व्यायाम तोच, देण्याची पद्धत निराळी. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शिकलेले एक विद्यार्थी म्हणजे जवळच्या डभोई येथे १८८३ साली जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे. हेच पुढे स्वामी कुवलयानंद झाले. योगक्रिया शरीराला हितकर आहेत हे सर्व जण सांगत होते. गुण्यांना ते तपासून पाहावेसे वाटले. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्याच रुग्णालयात प्रयोगशाळेतील उपकरणे वापरून उड्डियान आणि नौली या क्रियांचा अभ्यास केला, आणि १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले. श्रद्धेची गोष्टही मोजून पाहण्यास हरकत नाही, उलट श्रद्धा असेल तर मोजण्याची भीती का वाटावी, असा तो बाणा होता.

आता पुन्हा आपल्या पोळीत येऊ.

दुसरा आराखडा मी एकटीने लिहिला नाही. सहा घरची माणसे एका संध्याकाळी एका ओट्यावर बसली. मुले, आया, तीन वडील, दोन आज्या आणि एक आजोबा. (चौथे वडील येतो म्हणाले होते.) आम्ही 'काय पाळले?' हा प्रश्न टाकून दिला. त्याऐवजी विचारले, 'काय जड गेले?' पहिल्या प्रश्नाला माणसे खोट्या खुणा करतात. दुसऱ्या प्रश्नाला खरे उत्तर देण्यात कोणाचा अपमान होत नाही.

येथे एक नाजूक विचार करावा लागतो. आराखडा बदलावयाचा म्हणजे जे जे जड गेले ते ते गाळावयाचे काय? तसे केले तर शेवटी कोरा कागदच उरेल. एका कुटुंबाने तर असे सुचविले की मुलांच्या तासभर खेळाऐवजी स्कूटरवरून बाजारात जाऊन येणे धरावे, कारण त्यातही 'हवा लागते'. तेव्हा आराखड्याचे सार कोणते व रूप कोणते, हे आधी ठरवून घेतले पाहिजे. साराला हात लावू नये. रूप हवे तितके बदलावे.

सार शोधण्यासाठी मी पुस्तके उघडली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनाप्रमाणे पाच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींना रोज सरासरी साठ मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी, आणि प्रौढांना आठवड्यात दीडशे ते तीनशे मिनिटे. मीठ प्रौढ माणसाला दिवसाकाठी पाच ग्रॅमहून कमी, म्हणजे एक लहान चमचा. मुलांना त्याहूनही कमी. यात लोणचे, पापड, शेव, चिवडा यांतले मीठही धरावयाचे, आणि आपण चुकतो ते येथेच. साखर व गूळ यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या दशांशाहून कमी असावी. बडोद्यात राहून वरणात गूळ घालण्याची सवय आम्हा दक्षिणेकडच्या माणसांनाही लागली आहे, तेव्हा हा नियम मी प्रथम स्वतःला लागू केला. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास झोप हवी. तेरा ते अठराच्या वयात आठ ते दहा तास.

पाहा, यात 'पहाटे साडेपाच' कोठेही नाही. 'सूर्यनमस्कारच' असेही नाही. 'सर्वांनी साडेसातला एकत्र' तर नाहीच. या साऱ्या माझ्या आवडी होत्या, आणि मी त्यांना नियमांच्या पंगतीत बसविले होते.

मग रूपे बदलली. सकाळचा व्यायाम संध्याकाळी गेला: साडेपाच ते साडेसहा पोळीत लंगडी, दोरीवरच्या उड्या, सायकल, रविवारी सयाजीबागेत फेरी, आणि त्या फेरीला वडिलांनी यावयाचे. पाणी भरण्याचे काम घरातल्या सर्वांत वाटून घेतले; भरलेली कळशी जिन्यावरून वर नेणे हाही दम लागणारा व्यायामच आहे, असे एका मुलाने सिद्ध करून दाखविले व आम्ही ते मान्य केले. मुलींच्या घरकामाचा हिशेब मात्र निराळा ठेवला. घरकाम केले म्हणून त्यांचा खेळण्याचा तास कापावयाचा नाही, हे कलम आज्यांच्या सहीने मंजूर झाले. शेव वर्ज्य न करता तिची वाटी ठरली: सर्वांत लहान वाटी, आठवड्यातून दोनदा, आणि ती आजींच्या हातूनच मिळणार. इतर दिवशी चार वाजता भाजलेले चणे, कुरमुरे अथवा फळ. तेही आजींच्याच हातून. रुसलेल्या आजी अशा रीतीने खाऊच्या कोठाराच्या अधिकारी झाल्या, आणि आम्हां सर्वांहून कडक निघाल्या.

दुकानातून उशिरा येणाऱ्या वडिलांसाठी एकत्र जेवणाचा नियम रविवार दुपारपुरता ठेवला. मुलांनी आठपर्यंत जेवून घ्यावे, म्हणजे झोपेचे तास भरतात. चौकोनांचे कागद बंद केले. भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर दिवसाला एकच ठिपका. तो घरातल्या सर्वांत धाकट्याने द्यावयाचा. धाकटी मुले खोटा ठिपका देत नाहीत, निदान अजून तरी.

हे सर्व चांगले चालले असे दिसू लागताच मला पहिल्यासारखाच अभिमान वाटू लागला, आणि नेमक्या त्याच वेळी एक वृत्तांत माझ्या वाचनात आला. इंग्लंडातील कॉव्हेंट्री नगरात वॉरिक विद्यापीठाच्या मंडळींनी 'फॅमिलीज फॉर हेल्थ', म्हणजे 'आरोग्यासाठी कुटुंबे', असा एक कार्यक्रम रचला. वजन वाजवीहून अधिक असलेली मुले व त्यांचे पालक यांना एकाच वेळी शेजारच्या दोन दालनांत बसवून बारा आठवडे शिकवावयाचे. पालकांना आहाराबरोबरच मुलांशी वागण्याची रीतही सांगावयाची. पहिल्या चाचणीत २१ कुटुंबांतील २७ मुले होती. मुलांचे वजनाचे प्रमाण थोडे उतरले, आणि नऊ महिन्यांनीही ते उतरलेलेच राहिले. मग अनुभव पाहून कार्यक्रम दुरुस्त केला, दहा आठवड्यांचा केला, आणि कॉव्हेंट्री, वॉरिकशायर व वुल्व्हरहॅम्प्टन येथील ११५ कुटुंबांतील १२८ मुलांवर मोठी परीक्षा घेतली. या वेळी चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे काही कुटुंबांना हा कार्यक्रम, आणि काहींना नेहमी मिळणारीच मदत, अशी वाटणी केली. वर्षाने मोजले तेव्हा नव्या कार्यक्रमाची मुले इतरांहून पुढे गेलेली आढळली नाहीत. खर्च मात्र जास्त झाला होता. २०१७ साली त्यांनी हा निकाल जसाच्या तसा प्रसिद्ध केला.

मी कलाशाखेची, आकड्यांशी माझी मैत्री उशिरा जडली. परंतु ही वाटणी का करतात हे मला त्या दिवशी उमगले. स्वखुशीने येणारी कुटुंबे मुळातच उत्साही असतात. मुले वाढीच्या वयाची असतात. काहीही न करता त्यांच्यात फरक पडतो. शेजारी तुलनेस कोणी नसेल, तर उन्हाळ्यात आंबे पिकले याचे श्रेयही आपण आपल्याच आराखड्याला देऊ. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत १९९३ ते १९९८ या काळात तपासली, तेव्हा ३९ गावांत ती पद्धत आणि ४७ गावे तुलनेसाठी, अशी मांडणी होती. म्हणूनच तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी सांगितले ते जगाला मान्य करावे लागले, आणि २०११ साली ती पद्धत आशा कार्यकर्त्यांमार्फत देशभर नेण्याचे भारत सरकारने ठरविले.

आमची सहा घरे म्हणजे परीक्षा नव्हे, हे मला स्पष्ट लिहिले पाहिजे. आम्ही कोणाचे वजन केले नाही, रक्त तपासले नाही. सहापैकी एका घराने चौथ्या आठवड्यात काम सोडले, आणि ते का, हे त्यांनी सांगितले नाही. मीही पुन्हा विचारले नाही. दुसऱ्या एका घरी संध्याकाळचा खेळ टिकला, आहार होता तेथेच राहिला. उरलेल्या चार घरी सहा आठवड्यांनंतरही धाकट्यांचे ठिपके चालू आहेत. कोरा कागद देणाऱ्या त्या घरी आता सकाळी पाणी वडील भरतात. ती आई त्या वेळात काय करते, असे मी विचारले. ती म्हणाली, "काही नाही बाई. चहा पिते, बसून." आमच्या आराखड्यात हे कलम नव्हते, आता घातले आहे.

गेल्या महिन्यात पोळीतील नळाची वेळ बदलली. पाणी आता संध्याकाळी येते, नेमके साडेपाच ते साडेसहा, म्हणजे खेळाच्या तासाला. येत्या शनिवारी आम्ही पुन्हा त्याच ओट्यावर बसणार आहोत. चौथे वडील या खेपेस नक्की येतो म्हणाले आहेत.